मैत्रीचा बॅनर आणि शुद्ध कल्याण रागावरचं भांडण

'भारत-पाकिस्तान मैत्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम' असं निमंत्रण आता कुणी छापत नाही. छापलं तर हॉल मिळणार नाही, हॉल मिळाला तर परवानगी अडकेल, आणि दोन्ही जमलंच तर आदल्या दिवशी कुणीतरी येऊन बॅनर फाडून जाईल. पण एक काळ होता, फार जुना नाही, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून साधारण २०१५ पर्यंतचा, तेव्हा असे कार्यक्रम व्हायचे आणि मी त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मागच्या रांगेत बसलेलो आहे, काही ठिकाणी तर सतरंज्या अंथरायलाही होतो. त्यामुळे पुढे जे काही बोलणारे ते बाहेर उभं राहून मारलेले टोमणे नाहीयेत. आतल्या माणसाची कुरकुर समजा.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला असायचा. स्टेजच्या मागे बॅनर, त्यावर दोन झेंडे, मधे एक कबूतर, कबुतराच्या चोचीत फांदी. दीपप्रज्वलन, मग शाली-श्रीफळ, मग भाषणं. भाषणांत 'हमारी तहज़ीब एक है' हे वाक्य किमान तीन वक्त्यांकडून, आणि सरहद्दीला लकीर म्हणणारा एखादा शेर, ज्यावर टाळ्या हमखास. मग कुठे पावणेदहाला गाणं सुरू व्हायचं आणि साडेदहाला लाउडस्पीकर बंद. तिकडून आलेला गायक बिचारा एवढा प्रवास, एवढी कागदपत्रं करून आलेला, त्याच्या वाट्याला पाऊण तास. त्यातही त्याने काय गावं हे ठरलेलं, कारण लोकांना त्याच चार गझला ऐकायच्या असत. रागदारी गाणारा कुणी आला असेल तर तो स्टेजवर एकदा अंदाज घेऊन गुपचूप गझलेवर यायचा.

मला तेव्हाही वाटायचं आणि आता तर पक्कं वाटतं, की या कार्यक्रमांमधे सगळ्यात कमी जागा कुणाला असेल तर ती मैत्रीला. म्हणजे कसंय, दोन माणसं एकमेकांसमोर बसून काहीतरी करतायत, एकाचं दुसऱ्यावाचून अडतंय, असं काही त्यात नसायचंच. एक गातोय, हजार बघतायत, आणि सगळे मिळून आपण किती मोठ्या मनाचे आहोत ते साजरं करतोय. नाही म्हणायला साथीचा तबलजी बऱ्याचदा इथला असायचा. त्या दोघांची दुपारी ग्रीनरूममधे जी काय तासभर तालीम व्हायची, सम कुठे घ्यायची, ठेका किती लयीत ठेवायचा, 'नहीं भाई, थोड़ा और विलंबित', ती मी दाराशी उभा राहून ऐकलेली आहे आणि संध्याकाळच्या कार्यक्रमापेक्षा मला तीच जास्त आठवते. तिथे कुणी कुणाला भाई-भाई म्हणून मिठ्या मारत नव्हतं, उलट बारीक कटकट चालायची. पण काम चाललेलं असायचं.

गंमत म्हणजे दोन देशांनी मिळून रोज न चुकता केलेला सगळ्यात मोठा कार्यक्रम कुठला, तर अटारी-वाघाची संध्याकाळची परेड. १९५९ पासून चालू आहे. बघायला गेलं तर ती शत्रुत्वाचीच नौटंकी: डोक्यापर्यंत पाय, मिशांना पीळ, एकमेकांकडे डोळे वटारणं, दोन्ही बाजूंना स्टेडियमसारखी गर्दी आणि घोषणा. पण जरा थंड डोक्याने बघा. दोन्ही झेंडे एकाच वेळी, एकाच वेगाने खाली यावे लागतात, क्षणभरही एकाचा दुसऱ्यापेक्षा वर राहता कामा नये. दोन्हीकडचे पाय एका ठेक्यात पडावे लागतात. हे आपोआप होतं का? यासाठी दोन्ही बाजूंचं काहीतरी ठरलेलं लागतं, वेळ जुळवावी लागते, २०१० च्या सुमाराला पाय जरा कमी जोरात आपटायचे, हावभाव सौम्य करायचे असंही ठरलं होतं. म्हणजे एकमेकांवर डोळे वटारायचं कामही एकमेकांच्या मदतीशिवाय होत नाही. आमच्या मैत्रीच्या कार्यक्रमांत एवढा समन्वय मी कधी पाहिला नाही, तिथे माईकवालाच आयत्या वेळी गायब असायचा.

एप्रिल २०२५ मधे पहलगामला पर्यटकांना मारलं गेलं, त्यानंतर अटारीची परेडही आपल्या बाजूने आटोपती घेतली. गेट बंद, हस्तांदोलन बंद. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात एशिया कपला क्रिकेटच्या मैदानावरही हात मिळवले गेले नाहीत. मी याच्यावर इथे वाद घालणार नाहीये. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना 'कला सीमा मानत नाही' हे वाक्य ऐकवण्याची माझी तरी हिंमत नाही, आणि जे ऐकवतात त्यांची मला जरा भीतीच वाटते.

कारण मूळ प्रश्न तोच आहे ना, की गाण्याने काय होतं? सरळ उत्तर द्यायचं तर युद्ध थांबत नाही. २० फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसमधून लाहोरला गेले, बसमधे बरोबर देव आनंद होता, जो त्याच लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकलेला, आणखीही कलावंत मंडळी होती. मैत्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम यापेक्षा भारी काय असू शकतो, साक्षात चालता-फिरता! आणि मे महिन्यात कारगिल. तेव्हापासून ज्यांना टोमणा मारायचाय त्यांच्या हातात ही बस आहे, आणि तो टोमणा खोटा नाहीये. फक्त मला असं वाटतं की बसकडून जे मागितलं तेच चुकीचं होतं. गाणं, नाटक, मुशायरा यांच्यावर परराष्ट्र खात्याचं ओझं टाकायचं आणि ते पेललं नाही की म्हणायचं बघा, उपयोग नाही. तंबोऱ्याने गाण्याला आधार द्यायचा असतो, त्याच्याकडून तह लिहून मागायचा नसतो.

आता मी मूळचा मिरजेचा, त्यामुळे लाहोरचा विषय निघाला की माझं डोकं वेगळ्याच रस्त्याने जातं. लोकांना मिरज म्हणलं की रेल्वे जंक्शन आणि दवाखाने आठवतात. पण आमच्याकडून लाहोरला एक रस्ता जातो आणि तो आगगाडीचा नाही. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा गाणं शिकला. लहानपणी फटाक्याने त्याच्या डोळ्यांना इजा झालेली. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर, आणि त्यांनी ५ मे १९०१ ला गांधर्व महाविद्यालय काढलं ते पुण्यात नाही, मुंबईत नाही, लाहोरमधे. मुंबईची शाखा नंतर आली, १९०८ ला. म्हणजे आज महाराष्ट्रातल्या गल्लीबोळात 'प्रारंभिक' आणि 'प्रवेशिका प्रथम'ला बसणारी जी पोरंपोरी आहेत, हार्मोनियमच्या क्लासला कंटाळून जाणारी, त्यांच्या परीक्षेचं मूळ शोधत गेलात तर लाहोरला निघतं. मिरजेचे विनायकराव पटवर्धन लहान वयात गाणं शिकायला तिकडे गेले होते. तेव्हा एवढ्या लांब, अनोळखी भाषेच्या मुलखात एक मराठी माणूस जातो, वर्गण्या गोळा करून शाळा चालवतो, पंजाबी मुलांना सा-रे-ग-म लिहायला शिकवतो, त्याला कुणी 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असं नाव दिलं नव्हतं. त्याला गाण्याची शाळा काढायची होती, बस.

आणि उलटा रस्ताही आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत, आणि १९३७ साली दक्षिणेत एका रेल्वे स्टेशनवर गेले तेव्हा त्यांना मिरजेत आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. तिथे उरुसात अजून संगीत सभा होते, दर्ग्याच्या आवारात, रात्र-रात्र. तिकीट नाही, बिदागीची घासाघीस नाही, मोठी मोठी माणसं हजेरी लावायला म्हणून येतात. त्या खाँसाहेबांची शिष्या आणि नात्यातली, रोशनआरा बेगम. मुंबईत नाव काढलं, इतकं की लोक 'बॉम्बेवाली रोशनआरा' म्हणायचे. १९४८ मधे नवऱ्याबरोबर पाकिस्तानात गेली आणि लालामुसा नावाच्या गावात राहिली. हे लालामुसाही जंक्शनच बरं का! मला याचं फार अप्रूप वाटतं, उगाचच. किराणा घराण्याचा, म्हणजे खाँसाहेबांच्याच गायकीचा, मिरजेत घोटलेला स्वर पंजाबातल्या एका जंक्शनवर जाऊन राहिला आणि १९८२ ला संपला, म्हणजे ती गेली. तिची रेकॉर्डिंग्ज ऐका. मंद्रातून, म्हणजे खालच्या सप्तकातून, ती जशी हळूहळू वर येते ते आमच्या दर्ग्यातल्या सभेत पहाटे ऐकलेल्या माणसाला लगेच ओळखू येतं. तिच्या पासपोर्टवर काय लिहिलेलं होतं ते तानेत सापडत नाही.

याच्या बरोबर उलट गायक बडे गुलाम अली खाँ. कसूरचे, म्हणजे पाकिस्तानात गेलेल्या गावचे. फाळणीनंतर तिकडे राहिले, जमलं नाही, परत आले, आणि १९५७ ला भारताचे नागरिक झाले. त्यांच्या नागरिकत्वासाठी खटपट कुणी केली, तर मोरारजी देसाईंनी. आपल्याकडे मोरारजी म्हणजे कडक, दारूबंदी, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचा गोळीबार, मराठी माणूस आजही त्यांचं नाव प्रेमाने घेत नाही, त्यात माझे आजोबा तर अजिबातच नाही. पण हे एक काम त्या माणसाच्या खात्यावर जमा आहे. एक सरकारी सही. त्या सहीने आपल्याला दहा-अकरा वर्षं बडे गुलाम अली दिले. दोन झेंड्यांचे शंभर बॅनर एका बाजूला आणि ती एक सही एका बाजूला ठेवली तर मी सही घेईन.

आणि इथेच खरी गोम आहे असं मला वाटतं. सांस्कृतिक मैत्रीबद्दल आपण जे काही बोलतो त्यात व्हिसाचं नाव कुणी काढत नाही. कारण व्हिसा हा विषय कंटाळवाणा आहे, त्याच्यावर शेर होत नाही. पण सगळं तिथेच अडतं. आपल्या दोन देशांत व्हिसा हा देशाचा नसतोच, शहरांचा असतो, मोजक्या ठरलेल्या शहरांचा. अमुक शहरात जायचं, पोचलं की पोलिसांत नोंद करायची, निघताना परत नोंद. समजा लाहोरच्या एखाद्या पोराला मिरजेत येऊन तंबोऱ्याची जवारी काढायला शिकायचंय. शिकायला तर महिनोन् महिने लागतात, कारण ती जवारी म्हणजे घोडीवरचा तो पृष्ठभाग इतका बारीक घासायचा असतो की तार त्याच्यावर नीट टेकली पाहिजे आणि तरी गुंजली पाहिजे, हे काम पुस्तकातून येत नाही, हाताला सवय लागते. त्याने अर्जात काय लिहायचं? 'कॉन्फरन्स'? 'नातेवाईक'? 'तार लावायला' असा रकाना कुठल्याही फॉर्ममधे नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात दोन्ही सरकारांनी व्हिसाचा नवा करार केला होता, त्यात पासष्टीच्या पुढच्या म्हाताऱ्यांना अटारीवर आल्या आल्या व्हिसा मिळणार होता. माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांतला सगळ्यात मोठा सांस्कृतिक कार्यक्रम तोच ठरला असता. विचार करा, लाहोर-रावळपिंडीहून निघून आलेली, अमृतसर-जालंधरहून तिकडे गेलेली माणसं, सगळी तेव्हा सत्तरीच्या पुढे, हातात पिशवी घेऊन सरळ फाटकातून जुनं घर बघायला जातायत. जानेवारी २०१३ मधे ते सुरू व्हायचं होतं, त्याच महिन्यात ताबारेषेवर जवान मारले गेले, आणि योजना थांबली. परत सुरू करायची वेळ येईल तेव्हा त्यातली किती माणसं उरलेली असतील हा हिशोब मी मनात करतो आणि सोडून देतो. करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा कॉरिडॉर तेवढा झाला, ९ नोव्हेंबर २०१९ ला, साडेचार-पाच किलोमीटरचा, व्हिसाशिवाय सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तोही मे २०२५ मधे बंद.

कुणी म्हणेल युरोपात बघा. बघू ना. फ्रान्स आणि जर्मनी, सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीन युद्धं, शेवटच्यात तर काय झालं ते सांगायला नको. २२ जानेवारी १९६३ ला त्यांनी मैत्रीचा करार केला, आणि मग समारंभ करून घरी नाही गेले, त्याच वर्षी एक ऑफिस काढलं. खरंखुरं ऑफिस, बजेट असलेलं, कारकून असलेलं. काम एकच, इकडची पोरं तिकडे आणि तिकडची इकडे पाठवायची. शाळा, खेळ, नाटक, अप्रेंटिसशिप, काहीही. आजवर नव्वद लाखांहून जास्त पोरं त्या ऑफिसमार्फत जाऊन-येऊन झालेली आहेत. पुढे दोघांनी मिळून एक टीव्ही चॅनल काढलं, १९९२ पासून चालू आहे, आणि २००६ मधे तर इतिहासाचं एकच पाठ्यपुस्तक दोन्ही देशांतल्या वर्गांसाठी. इतिहासाचं! आपल्याकडे दोन राज्यांचं एकमत होत नाही त्या विषयावर. अर्थात तिथे युद्ध संपलेलं होतं, एक बाजू पूर्ण हरलेली होती, वर अमेरिका बसलेली होती, सीमेचं भांडण मिटलेलं होतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही, त्यामुळे 'त्यांना जमलं, आपल्याला का नाही' हा प्रश्न मला जरा बाळबोध वाटतो. घ्यायचं असेल तर एवढंच घ्यावं की त्यांनी मैत्रीला कारकून दिला.

आपल्याकडे मैत्रीला कारकून नसल्यामुळे होतं काय, की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. १९६५ च्या युद्धात तिकडे हिंदी सिनेमे बंद झाले ते चाळीस वर्षं. २०१५ च्या एप्रिलमधे पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली (बडे गुलाम अली वेगळे) वाराणसीला संकटमोचन मंदिरात गायले, हनुमानाच्या देवळात, लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा मुंबईतला कार्यक्रम रद्द झाला, जो खरं तर जगजीत सिंगांच्या आठवणीत ठेवलेला होता. विरोध, धमक्या, शेवटी आयोजकांनी माघार घेतली. जानेवारीत कोलकात्याने बोलावलं, तिथे गायले. माणूस तोच, आवाज तोच, वर्षभरात तीन शहरांत तीन तऱ्हा. २०१६ ला उरीनंतर तिकडच्या नटांवर बहिष्कार, २०१९ ला बालाकोटनंतर तिकडे आपले सिनेमे परत बंद, आणि २०२५ च्या मेमधे तर कळस, तिकडे एफेमवरची हिंदी गाणी बंद आणि इकडे त्यांची सगळी गाणी-मालिका फोनवरून एका आठवड्यात गायब. आमच्या घरी बायको एक पाकिस्तानी मालिका बघत होती, शेवटचे काही भाग राहिलेले. राष्ट्रहित तिलाही मान्य आहे, पण त्या नायिकेचं पुढे काय झालं हे तिला अजून कळलेलं नाही, आणि ती मला अधूनमधून विचारते, जसं काय मी बंद केलंय.

यात एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. पाकिस्तानचे गझलगायक मेहदी हसन आणि लता मंगेशकर यांचं एक द्वंद्वगीत आहे, २०११ साली आलं. एकुलतं एक. दोघं एका स्टुडिओत कधी आलेच नाहीत. हसनसाहेबांनी त्यांचा भाग २००९ मधे तिकडे गायला, आजारपणात, आणि दीदींनी पुढच्या वर्षी इकडे, त्यांचा आवाज कानात घेऊन. मग कुणीतरी दोन्ही तुकडे जोडले. २०१२ ला ते गेले. आता यावर कुणी भाषण केलं की 'बघा, सरहद हरली' तर मी उठून जाईन. सरहद अजिबात हरली नाहीये, सरहद छान जिंकलेली आहे, म्हणून तर ते गाणं तसं करावं लागलं! तरीही ऐकताना दीदी ज्या पद्धतीने त्यांच्या ओळीनंतर आपली ओळ उचलतात, तिथे मला ग्रीनरूममधली ती दुपारची तालीम आठवते. ऐकून घेणं म्हणजे काय ते त्यात आहे.

माझा मामेभाऊ फौजेत होता, आता रिटायर्ड. आमच्याकडे सांगली-साताऱ्याकडे घरटी नाही तरी दोन घरांआड एक फौजी असतोच. मी त्याला दादा म्हणतो, तो मला येडा म्हणतो. एकदा जेवताना मी या कार्यक्रमांबद्दल काहीतरी बोलत होतो तर तो म्हणाला, 'अरे दिवाळीला आम्ही त्यांना मिठाई दिलेली, ईदला त्यांनी आम्हाला. हात मिळवायचा, बॉक्स द्यायचा, वळायचं. त्यानं गोळी थांबत नाही. पण समोरच्या पोस्टवर माणूस आहे, भूत नाही, एवढं कळतं.' मग थोड्या वेळाने म्हणाला, 'तुमच्या त्या मैत्रीच्या स्टेजवर तुम्ही कवीला बोलावता, नटाला बोलावता, फौजीला कधी बोलावलंय का?' मी आठवून बघितलं. मी पाहिलेल्या एकाही स्टेजवर साधा शिपाई नव्हता. क्वचित एखादा मोठा निवृत्त अधिकारी, इंग्रजी बोलणारा. ज्याने खरंच समोरच्याकडे दुर्बिणीतून वर्षभर पाहिलंय त्याला आम्ही शांततेच्या कार्यक्रमात धरलंच नाही. दादाचं म्हणणं मला त्या सगळ्या भाषणांपेक्षा वजनदार वाटतं आणि त्याला काय बोलायचं असतं हे ऐकायला लोक तयार होते का, याची मला शंका आहे. दोन्ही बाजूचे लोक.

हे सगळं इतकं काळोखं नाहीये पण. कराचीत मराठी माणसं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे नोकरी-धंद्याला तिकडे गेलेली कुटुंबं फाळणीनंतरही काही तिथेच राहिली. ती अजून गणपती बसवतात, मूर्ती तिथेच करतात, ढोलकी वाजवत नेऊन समुद्रात विसर्जन करतात. तोच अरबी समुद्र. व्हिडिओ बघितलात तर 'मोरया'चा उच्चार ऐका, आपल्याकडच्यासारखाच खणखणीत. तिथली एन. जे. व्ही. शाळा, १८५५ ची, कराचीतली पहिली सरकारी शाळा, ते एन. जे. व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, मराठी शिक्षणाधिकारी. शहरात कित्येक रस्त्यांची नावं बदलली, पण शाळेवर वैद्यांचं नाव तसंच आहे. आणि २०२५ च्या जुलैत, म्हणजे दोन्ही देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा, कराचीतल्या एका तरुण नाटक मंडळीने तिथल्या आर्ट्स कौन्सिलमधे रामायणाचे प्रयोग केले. राम, सीता, रावण, सगळं. लोक तिकीट काढून आले. बॅनरवर दोन झेंडे नव्हते, भारत-पाक मैत्री वगैरे काही नाव नव्हतं, त्यांना गोष्ट चांगली वाटली म्हणून केली. मला वाटतं म्हणूनच ते झालं. मैत्री असं नाव दिलं असतं तर पोलीस बंदोबस्त लागला असता.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी गेली काही वर्षं एका ऑनलाइन ग्रुपमधे आहे. जुन्या रेकॉर्डिंग्जचा ग्रुप. कोण कुठे बसलाय ते नंबरांवरून कळतं, आपला कोड आणि त्यांचा कोड, काही दुबई-टोरंटोवाले. ग्रुपच्या नावात शांती, अमन, दोस्ती यातलं काहीच नाही, नावात फक्त '७८ आरपीएम' आहे, जुन्या तबकड्यांचा फिरण्याचा वेग. नियम दोन: क्रिकेट नको, आणि रेकॉर्डिंग टाकाल तर गायक आणि राग लिहा, माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका. कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. लाहोरचे एक बुजुर्ग आहेत, साहेबांना किराणा घराणं रटाळ वाटतं, विलंबितात झोप येते म्हणतात, पतियाळा घराणं सोडून त्यांना दुसरं काही गाणं वाटतच नाही. मी मिरजेचा. म्हणजे बघा.

२०२५ च्या मेमधले ते चार दिवस आणि नंतरचे काही आठवडे ग्रुप पूर्ण गप्प होता. कुणी बाहेर पडलं नाही पण कुणी काही टाकलंही नाही. काय टाकणार? रात्री ब्लॅकआउटच्या बातम्या, ड्रोन, दोन्हीकडे खोट्या बातम्यांचा पूर. कुणी 'ख़ैरियत?' असं विचारलं असतं तरी ते राजकारण झालं असतं. मीही दोनदा टाइप करून खोडलं. मग जूनमधे कधीतरी त्या लाहोरच्या साहेबांनीच एक रेकॉर्डिंग टाकलं, खरखर इतकी की आवाज जेमतेम, पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली रोमन लिपीतल्या उर्दूत लिहिलं की मिरजवाले भाई सांगतील हा राग शुद्ध कल्याण आहे का भूपाली, मला तर त्यात निषाद, म्हणजे भूपालीत नसणारा नी, ऐकू येत नाही, पण किराणावाल्यांना कधी काय ऐकू येईल सांगता येत नाही.

झालं. पुढचे तीन दिवस जे पेटलं ते विचारू नका. मी म्हणलं शुद्ध कल्याण, उतरताना सा वरून प ला येताना निषादाची मींड, म्हणजे न तुटता घसरत जाणारा स्वर, आहे, हेडफोन लावून ऐका. टोरंटोवाले म्हणाले भूप, म्हणजे भूपालीच. नागपूरच्या एका ताईंनी तिसराच देशकार काढला, धैवतावर जोर आहे म्हणे, त्यावर साहेब त्यांना अदबीने 'आपा, देशकार सुबह का राग है और गानेवाला साफ़ शाम में है' म्हणाले, त्यावर ताई म्हणाल्या रेकॉर्डिंगला सकाळ-संध्याकाळ कशी कळते हो तुम्हाला. कुणीतरी स्पीड कमी करून तुकडा टाकला, कुणी पट्टी काढली. साहेबांनी शेवटी एवढं मान्य केलं की निषादाचा 'शक' आहे. शक! सरळ दिसणारी मींड, आणि शक म्हणे. मी अजून सोडलेलं नाहीये, मिरजेतल्या एका तंबोरा करणाऱ्या काकांना तो तुकडा ऐकवलाय, त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले निषाद आहे पण खरं सांगू का, तंबोराच नीट लागलेला नाही. हे मी ग्रुपवर अजून टाकलेलं नाही. टाकलं की साहेब तंबोरा कुठल्या गावचा असेल यावरून सुरू करतील.